पांढऱ्याचा हट्ट

असं समजा, की तुम्ही अकरा वर्षांचे आहात. तुमच्यातले काही जण असतीलच, त्यांना फार कष्ट नाहीत. बाकीच्यांनी थोडं मागं यावं किंवा पुढं जावं. आता समजा, गांधीबागेच्या कापडबाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात, पहिल्या मजल्यावर, गादीवर मांडी घालून तुम्ही बसला आहात. चपला खाली जिन्यापाशी काढल्या आहेत, त्यामुळे तळपायांना गार वाटतंय. कोणीतरी थंड पेयाची बाटली हातात दिली आहे आणि तिच्यातली नळी तुम्ही चावून चावून चपटी केली आहे. समोर साड्यांचा ढीग. आणि अशा वेळी तुमच्या सगळ्यांत लाडक्या माणसानं तुमच्याकडं बोट दाखवलं आणि हसत हसत एक वाक्य म्हटलं. ते वाक्य खोटं आहे. खोटं आहे हे तिथं फक्त दोघांना माहीत आहे, त्या माणसाला आणि तुम्हाला. बाकी सगळे हसतायत. तुम्ही काय कराल? लगेच उत्तर देऊ नका. मायानंही लगेच दिलं नाही.

वाक्य असं होतं. "पांढऱ्याचा हट्ट तर या आमच्या मायाचा होता हो! मला कुठं आवडतं पांढरं?"

म्हणणारी होती काजल, मायाची आत्या. तिचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. ऐकणाऱ्या होत्या तिच्या होणाऱ्या सासूबाई अरुंधतीबाई, त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी भैरवी आणि साड्या दाखवणारे एक काका, ज्यांनी एव्हाना तीन साड्या स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवल्या होत्या आणि चौथी टाकायच्या बेतात होते. अरुंधतीबाई हसल्या. भैरवी मायाचा गाल ओढत म्हणाली, "काय गं ए, पांढरी साडी नेसवून आमच्या वहिनीला काय नर्स करणार होतीस का?" काकाही हसले. हसण्यात कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मायाच्या तोंडात नळी तशीच राहिली. पेय वर चढलं होतं ते अर्ध्यावरून परत खाली गेलं, आणि का कोण जाणे, तिला फक्त तेवढंच दिसत राहिलं: नळीतून खाली जाणारा नारिंगी रंग.

काही वेळा वाक्य कानात शिरतं आणि आतमध्ये त्याला बसायला जागाच मिळत नाही. ते उभंच राहतं. तसं झालं. काका साडी उलगडत होते, कडक कापडाचा कर्रकर्र आवाज होत होता, खालच्या गल्लीत हातगाडीवाला "बाजू, बाजू" ओरडत होता, आणि माया मनातल्या मनात मोबाईल दोन्ही हातांनी धरून कोराडीच्या आपल्या घरातल्या पुढच्या खोलीत उभी होती. कारण पांढऱ्याबद्दलची गोष्ट तिथं सुरू झाली होती. खिडक्या बंद. कोराडीला खिडक्या बंदच ठेवाव्या लागतात. वीज केंद्राच्या चिमण्यांची राख बारीक असते, पिठासारखी, आणि ती पहिली पांढऱ्यावर बसते. आजी म्हणजे अंजनाबाई पांढरे कपडे कधी अंगणात वाळत घालत नाही. घरात, पंख्याखाली घालते. बंद खिडकीसमोर आत्या उभी राहायची, ओढणी नीट करायची, घसा खाकरायची आणि म्हणायची, "मायडे, धरला का सरळ? माझं डोकं नको कापू वं." मग माया बटण दाबायची.

आत्या लग्न ठरलेल्या मुलींना सल्ला देत असे. मोबाईलवर, छोट्या छोट्या चित्रफितींतून. सुरुवातीला पाहणाऱ्या सतरा जणी होत्या, त्यातल्या चार घरच्या. नंतर उमरेडहून, भंडाऱ्याहून, थेट चंद्रपूरहून मुली विचारू लागल्या. आत्याचे सल्ले साधे असत आणि म्हणूनच माया त्यांच्यावर भाळली होती. ब्लाउजचं माप उपाशीपोटी देऊ नका, जेवून द्या, लग्नात काय उपाशी राहणार आहात? नवी चप्पल महिनाभर आधी घालून घरात भांडी घासा. केसांत गजरा माळण्याआधी एकदा खाली वाकून पाहा, कारण नवरीला दिवसभर वाकावंच लागतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचा: साडी आरशात पाहायची नाही. आरसा नवरीचं मन राखतो. साडी दुसऱ्या कोणाला नेसवायची आणि दहा पावलं मागं जाऊन पाहायची, कारण मांडवातली माणसं तुम्हाला दहा पावलांवरूनच पाहणार असतात. ते 'दुसरं कोणी' नेहमी माया असे. आत्या तिला मोठ्या पाटावर उभी करायची, नऊ-दहा निऱ्या कमरेशी खोचायची, उरलेलं कापड तिच्याभोवती गुंडाळायची आणि मागं जात जात स्वयंपाकघरात पोचायची. तिथून ओरडायची, "हालू नको! पुतळ्यासारखी राहाय!" माया पुतळ्यासारखी राहायची. नाकावर माशी बसली तरी.

पांढऱ्याचा भाग त्यांनी दिवाळीनंतर केला. आत्याचं तेव्हा विक्रमशी जुळलेलं होतं, दोन्ही घरांत कळलेलं होतं. विक्रम आत्याच्या ऑफिसातला, वेगळ्या समाजातला, बोलायला बरा, मायाला प्रत्येक वेळी शाळेचंच विचारणारा. त्या दिवशी आत्यानं नेहमीसारखी ओढणी नीट केली नाही. ती एकदम बोलायला लागली. म्हणाली, आमच्या घरच्या नवऱ्या पांढरं नेसतात. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर पांढऱ्या साडीत उभ्या राहतात. लोक विचारतात, लग्नात पांढरं काहून? तर खाली पाहू नका. सांगा, आमच्या घरी हा खुशीचा रंग आहे. मग तिनं पणजीचं सांगितलं. प्रयागबाई पणजी. छप्पन साली दीक्षेला जायचं ठरलं तेव्हा तिच्याकडं पांढरं लुगडं नव्हतं. जुनं, हळदुव्या रंगाचं एक होतं. ते तिनं सोडा टाकून उकळलं, घासलं, पुन्हा उकळलं, तीन दिवस. चौथ्या दिवशी ते पांढरं झालं, पण इतकं विरलं, की चालताना फाटेल म्हणून ती सगळ्या रस्त्यानं लहान लहान पावलं टाकत गेली. हे सांगताना आत्याचा आवाज जाड झाला. मायाला डोळे पुसायला एक हात सोडावा लागला, म्हणून त्या चित्रफितीत शेवटी आत्याचा चेहरा जरा हलतो. माया म्हणाली, पुन्हा करू या. आत्या म्हणाली, "नाही वं. असंच राहू दे. हे खरं आहे."

हे खरं आहे. माया गादीवर बसल्या बसल्या हे शब्द उलटेपालटे करून पाहत होती. त्या वेळी ते खरं असेल आणि आता नसेल, असं होतं का? दूध सकाळी चांगलं असतं आणि संध्याकाळी नासतं, तसं खरंही नासतं का? की तेव्हाही ते नुसतंच म्हटलेलं होतं, आणि तिला, मोबाईलच्या मागं उभ्या असलेल्या मुलीला, ते तसं वाटलं? हा दुसरा विचार पहिल्यापेक्षा वाईट होता. त्यानं मागचे सगळे दिवस हलायला लागले. कारण त्या चित्रफितीखाली उमरेडजवळच्या एका मुलीनं लिहिलं होतं, ताई, मी घरच्यांशी भांडून लाल शालू आणला होता, तो परत केला, मी आता पांढरंच नेसणार. आत्यानं तो मजकूर आजीला वाचून दाखवला होता, बाबांना दाखवला होता, आणि माया झोपेतून उठली नव्हती तर तिला हलवून उठवून दाखवला होता. त्या मुलीचं लग्न आता होऊनही गेलं असेल. ती पांढऱ्यात उभी राहिली असेल, कोणीतरी काहून म्हणून विचारलं असेल, आणि तिनं मान वर करून सांगितलं असेल. कोणाच्या भरवशावर?

"माया, पी ना बेटा, गरम होऊन राहिलं ते," अरुंधतीबाई म्हणाल्या. त्या चांगल्या होत्या. हीच अडचण होती. त्या वाईट असत्या तर मायाला रागवायला कोणीतरी सापडलं असतं. त्यांनी आल्या आल्या अंजनाबाईंच्या गुडघ्यांची चौकशी केली होती. आजी गुडघ्यांमुळं येऊ शकली नव्हती. निघताना तिनं मायाच्या वेणीची रिबीन घट्ट करत म्हटलं होतं, "आपल्याकडून तू जाय. नवरीच्या बाजूनं कोणी तं पाहिजे." मायाला ते फार मोठं काम वाटलं होतं. बसमध्ये ती पूर्ण वेळ ताठ बसली होती.

आणि अरुंधतीबाईंनी विचारलं तरी काय होतं? दुकानात शिरताना, चपला काढता काढता त्या म्हणाल्या होत्या, "काजल, विक्रम सांगत होता तू पांढरी साडी म्हणत होतीस म्हणून. खरं का गं?" इतकंच. तोंड वाकडं केलं नव्हतं. फक्त विचारलं होतं. आत्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काय आलं ते मायानं पाहिलं. ओळखीचं नव्हतं. शाळेत फळ्यापाशी बोलावल्यावर ज्या मुलाला उत्तर येत असतं पण वर्ग हसेल असं वाटतं, त्याच्या तोंडावर येतं, तसलं काहीतरी. ती जिना चढून वर आली, बसली, पदर सावरला, आणि मग बोट दाखवून ते वाक्य म्हटलं.

"आमच्याकडे तसं काही ठरलेलं नसतं हो," आत्या आता पुढं बोलत होती. घरी ती 'मले' म्हणायची, 'तुले' म्हणायची. इथं तिचं बोलणं पुस्तकातल्यासारखं झालं होतं. "जुन्या बायका नेसायच्या. आताच्या मुली कुठं नेसतात? ही पोरगीच मागं लागली होती. उमरेडला विणायला टाकू या म्हणाली, तिच्या समाधानासाठी टाकलीही. ते मी केव्हाच थांबवलं."

थांबवलं.

हे मायाला माहीत नव्हतं. उमरेडला त्या दोघी गेल्या होत्या, एसटीनं, खिडकीशी. कोळशाच्या ट्रकांच्या मागं बस रखडत होती आणि आत्या तिला बोटांवर रंग मोजून दाखवत होती, काठ निळा, पण कोणता निळा? शाईचा? शाळेच्या गणवेशाचा? संध्याकाळचा? विणकर काका खाली खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते. त्यांनी निळ्या सुताच्या पाच लडी काढल्या. आत्या म्हणाली होती, "माया सांगेल." मायानं एक लडी उचलली होती. एवढंच. तिनं निळा निवडला होता, पांढरा नाही. पांढरा तर आत्याच्या आतच होता, असं तिला वाटत होतं. तेव्हापासून दर रविवारी ती विचारायची, "किती झाली वं आत्या?" आणि आत्या म्हणायची, "होऊन राहिली. हातमाग आहे तो, मशीन नाही." मागच्या रविवारीही म्हणाली होती. "काका म्हणे, काठ आला आता." माया आठवडाभर तो काठ डोळ्यांसमोर पाहत होती, बोटभर, मग दोन बोटं, मग वीत. गणिताच्या तासाला पाहत होती. तो काठ नव्हताच. त्या मागावर केव्हाच दुसऱ्या कोणाचं तरी कापड चढलं होतं, आणि माया आपली रोज रात्री निजताना त्यात एकेक धागा घालत होती.

तिला रडू आलं नाही. रडू तिला ओळखता येत होतं, ते नाकातून सुरू होतं. नाक कोरडं होतं. तिनं आत्याकडं पाहिलं. आत्या तिच्याकडं पाहत नव्हती. आत्या सगळीकडं पाहत होती: साडीकडं, काकांकडं, छताच्या दिव्यांकडं, भैरवीच्या नखांकडं. फक्त मायाच्या बाजूचा एक तुकडा सोडून. जणू तिथं गादी संपत होती.

"ही बघा, ही नवरीचीच," काकांनी एक लाल साडी फेकल्यासारखी पसरवली. ती गादीभर वाहत गेली. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, आत जरीचे बारीक ठिपके. अरुंधतीबाई "अगं बाई" म्हणाल्या. आत्यानं हात लावला आणि तिचा हात तिथंच राहिला. मायाला ते कळलं. आत्याचा हात कापडावर असा थांबतो तेव्हा तिला ते मनापासून आवडलेलं असतं. इथं ती खोटं बोलत नव्हती.

"नेसून बघ," भैरवी म्हणाली.

"नाही, नाही," आत्या सवयीनं म्हणून गेली, "साडी स्वतःवर नाही पाहायची. दुसऱ्यावर पाहायची. माया, ऊठ गं."

'ऊठ गं.' घरी ती 'ऊठ वं' म्हणायची. माया उठली. पाय मुंग्यांनी भरले होते. आत्या तिच्यासमोर गुडघ्यावर बसली आणि निऱ्या घालू लागली, आणि आता इतक्या जवळून तिला मायाच्या तोंडाकडं पाहावंच लागलं असतं, पण ती कमरेकडंच पाहत राहिली. तिच्या केसांना नेहमीचा खोबरेल तेलाचा वास येत होता. मायाला वाटलं, आता ही हळूच काहीतरी म्हणेल. कानात. दोन शब्द. 'नंतर सांगते' एवढं जरी म्हणाली तरी मी पुतळ्यासारखी राहीन, संध्याकाळपर्यंत राहीन. आत्यानं पिन तोंडातून काढून खांद्याशी लावली. बोटं गार होती. उठली आणि मागं मागं जाऊ लागली, एक, दोन, तीन, जिन्याच्या कठड्यापर्यंत. तिथून तिनं पाहिलं. मायाकडं नाही, साडीकडं.

मायाला तेव्हा एक विचित्र गोष्ट जाणवली. इतकी वर्षं ती पाटावर उभी राहिली, पण ते आत्याचं आणि तिचं मिळून केलेलं काम आहे असं तिला वाटायचं. आज पहिल्यांदा वाटलं, की आपण खुंटी आहोत. खुंटीवर साडी टाकतात. आणि गरज पडली तर खुंटीवर आणखीही काही टाकता येतं, जे स्वतःच्या अंगावर नको असतं ते.

"सुंदर!" अरुंधतीबाई म्हणाल्या. मग मायाकडं वाकून, खरोखरच्या मायेनं, "काय मग माया, चालेल ना लाल? रुसली नाहीस ना आमच्यावर? तुझा पांढरा राहिला."

सगळे पुन्हा हसायच्या तयारीत होते.

"लाल चांगला दिसते," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "आत्याले लाल चांगलाच दिसन. पण पांढऱ्याचा हट्ट माझा नव्हता."

काकांचे घडी घालणारे हात थांबले.

"आत्याचा होता," माया म्हणाली. "मी तं फक्त मोबाईल धरत होती."

अरुंधतीबाईंनी वळून काजलकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, थोडं आश्चर्य होतं आणि त्याच्या मागं आणखी काहीतरी, जे लहान मुलांना लवकर दिसतं: त्या वाट पाहत होत्या. "काजल, असं आहे का गं?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी नुसतं विचारलं होतं. आमच्याकडे पांढरं नेसत नाहीत हे खरं, चार जणी कुजबुजल्याही असत्या. पण तुमच्यात ते शुभ असतं हे तू मला सांगितलं असतंस, तर मी त्यांना सांगितलं असतं. तुला तेच हवं असेल तर अजून काही बिघडलेलं नाही. बोल."

दार उघडं होतं. मायाला ते स्पष्ट दिसलं. तिला वाटलं, आता झालं. सगळं आता जागेवर येईल. आत्या ओठ दाताखाली धरेल, मान वर करेल, तशीच जशी बंद खिडकीसमोर केली होती, आणि होकारात 'हाव' म्हणेल. नुसतं 'हाव'. उमरेडला परत जाता येईल. सूत तर तिथंच आहे. माया श्वास धरून उभी राहिली. खाली गल्लीत कोणीतरी गठ्ठा आपटला. पंखा फिरत होता. आत्याच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते आणि तिचे डोळे एकदाचे, दुकानात शिरल्यापासून पहिल्यांदा, मायाच्या डोळ्यांना येऊन लागले. त्यांत विनवणी होती. माया ती विनवणी कितीतरी वर्षं विसरणार नव्हती, कारण तिला तेव्हाच कळलं होतं, की ती माफीची नाही, गप्प राहण्याची आहे.

"काहीतरीच काय आई," आत्या हसली. "लहान आहे हो ती."

भैरवी म्हणाली, "मग लालच ना?" आणि काकांनी सुस्कारा टाकून खोका शोधायला घेतला. अरुंधतीबाई क्षणभर काजलकडं पाहत राहिल्या, मग पर्सचा बंद उगाच आवळू लागल्या.

मायानं खांद्याची पिन स्वतःच काढली. टोचू नये म्हणून टोक बंद केलं आणि ती गादीवर ठेवली. निऱ्या सोडल्या. साडी तिच्या पायांशी गोळा झाली, तिच्यातून ती पाऊल उचलून बाहेर आली आणि जिना उतरून खाली गेली. चपला घालून पायरीवर बसली. कोणी बोलवायला आलं नाही. बऱ्याच वेळानं तिघींचे पाय वरून उतरले. अरुंधतीबाईंनी जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ, आणि रिक्षात बसल्या.

बसस्टॉपपर्यंत आत्या पुढं, माया मागं. खोक्याची पिशवी आत्याच्या गुडघ्याला दर पावलाला लागत होती. आता त्या दोघीच होत्या, म्हणून आत्याचं बोलणं घरचं झालं. "मायडे. तुले नाही समजत वं. त्या घरात मले जाऊन राहायचं आहे. रोज." थोडं चालून, "तू मोठी होशीन ना, तेव्हा समजन." आणि मग, रस्ता ओलांडताना, हात मागं करून, "मले भेव वाटलं." हे शेवटचं खरं होतं. मायाला ते ऐकू आलं, आणि खरं आहे हेही कळलं. तिनं पुढं केलेला हात धरला नाही. रस्ता तिनं दोन्ही बाजूंना पाहून एकटीनं ओलांडला.

कोराडीची बस आली तेव्हा अर्धी रिकामी होती. आत्या आधी चढली. दोघींना पुरेल असं बाक तिनं धरलं, खोका मांडीवर घेतला आणि खिडकीची जागा मोकळी ठेवून, पाय आखडून घेत, मायाला आत जायला वाट करून दिली. माया त्या वाटेपाशी आली. थांबली. खिडकीतून चांगला वारा येत होता. मग ती तिथून पुढं गेली, दोन बाकं, तीन बाकं, जिथं मेथीच्या जुड्यांची टोपली शेजारी घेऊन एक म्हातारी बसली होती आणि बाकाच्या काठावर जेमतेम एका पोरीपुरती जागा होती.

"आजी, टोपली मी धरू का?" मायानं विचारलं, ती मांडीवर घेतली, आणि बसली.